थुंकी गोळा करणारी

चामड्याच्या कारखान्याची मागची भिंत जिथं संपते तिथून उतार लागतो. उतारावर दोन गल्ल्या, वरची आणि खालची, आणि दोन्हींच्या मधून कारखान्याचा नाला. नाल्याच्या पाण्याला रोज वेगळा रंग असतो. कधी विटकरी, कधी शेवाळी. पांढरा रंग सगळ्यांत वाईट. कातड्याचे केस काढायचा चुन्याचा हौद मोकळा केला की पाणी पांढरं होतं, आणि त्यावर केसांचे पुंजके तरंगत जातात, संथपणे, कुठं पोचायची घाई नसल्यासारखे.

या नाल्याच्या काठी ती जन्मली, आणि कळायला लागलं तेव्हापासून तिनं नाक धरलं. बाकीची पोरं नाल्यात कागदाच्या होड्या सोडत. ही घरात भिंतीकडं तोंड करून बसे. बाप कारखान्यात कातड्याच्या आतल्या अंगाचं मांस खरवडायचा. तो घरी यायच्या आधी त्याचा वास घरी यायचा. लेकीला मायेनं जवळ ओढायला जाई, तर ही श्वास कोंडून लाकडासारखी ताठ. "आली आमची नाकवाली," असं म्हणून तो हसायचा. हसण्यात राग नव्हता. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

सगळी भावंडं एका अंथरुणात झोपत, आणि धाकटा रोज अंथरूण भिजवी. सकाळी तोच वास अंगावर घेऊन शाळेत जायचं. बाकावर तिच्या शेजारी कुणी बसत नसे. मास्तर तिची वही तपासताना पान दोन बोटांच्या टोकांनी उलटत. ती दोन बोटं ती कधी विसरली नाही. पुढं सगळ्या जगाला तिनं त्याच दोन बोटांनी धरलं.

थोरली बहीण, ताई, हिच्या नेमकी उलटी. ताईला कशाचीच किळस नव्हती. कुणाचं पोर ओकलं की ताईच्या ओंजळीत, कुणाचं गळू फुटलं की ताईच्या फडक्यात. "तुझ्या वाटची किळस पण देवानं तिलाच देऊन टाकली गं," असं आई ताईला म्हणे.

नाकवाली मोठी झाली आणि पहिल्या संधीला उतार सोडून निघाली. साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायचं काम धरलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि दाराबाहेर एक फडकं टाकलं, ज्यावर पाय पुसल्याशिवाय कुणाला आत येता येत नसे. फारसं कुणी येतही नसे. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "माणूस झोपेत तोंड उघडं टाकतो. मला ते बघवणार नाही." ऐकणारे हसत. ती हसत नसे.

साबणाचा कारखाना बंद पडला आणि ती मॅडमकडं लागली.

मॅडम लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. ज्यांच्या वाट्याला लहानपणी उपास, मारझोड, ओल आणि भीती येते, त्यांच्या शरीरात ती भीती पुढं कुठं जाऊन बसते, हे त्या शोधत होत्या. त्यांना उतारावरची कुणी तरी हवी होती, कारण परक्या बाईला दोन्ही गल्ल्या दार उघडत नव्हत्या. नाकवालीला वाटलं, कागद घेऊन घरोघर प्रश्न विचारायचे असतील. स्वच्छ काम. पहिल्या दिवशी मॅडमनी तिच्यापुढं कापसाची एक बोटभर लांब गुंडाळी आणि काचेची नळी ठेवली.

"मुलानं ही चावायची. पुरती भिजली की नळीत टाकायची, झाकण लावायचं आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची."

"भिजेल कशानं?"

"थुंकीनं."

नाकवालीनं खुर्ची मागं सरकवली.

मॅडमनी शांतपणे समजावलं. जिवाला घोर लागला की शरीरात एक रस उतरतो. संध्याकाळ झाली की तो ओसरायला हवा. ज्या मुलाला दिवसभर धास्ती असते, त्याचा संध्याकाळीही ओसरत नाही. तो थुंकीत सापडतो, म्हणून थुंकी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्यायची. वरच्या गल्लीत नगरपालिकेनं मॅडमच्या सांगण्यावरून एक पाळणाघर उघडलं होतं: एक खोली, दुपारचं गरम जेवण, झोपायला कोरड्या चटया आणि दिवसभर सांभाळायला ताई. खालच्या गल्लीत तसं काही नव्हतं. तिथल्या आया कामावर जाताना पोरांना कोंडून जात, नाही तर पायाला दोरी बांधून दोरीचं टोक खाटेला अडकवत. दोन्ही गल्ल्यांतली थुंकी ताडून बघायची. वरच्या पोरांचा घोर कमी निघाला तर खोलीचा उपयोग आहे हे सिद्ध होणार आणि खोली टिकणार.

"आणि एक नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "मूल चावत असताना तुम्ही समोर बसायचं. नजर हलवायची नाही."

तिला पगाराची गरज होती. तिनं मान हलवली.

वरच्या गल्लीत अडचण नव्हती. तिथं ताई पोरांना ओळीनं बसवून स्वतः चावायला लावायची. खालच्या गल्लीत मात्र नाकवाली दारात उभी राहायची, नाकाला रुमाल, पाठ घराकडं आणि तोंड रस्त्याकडं. "चाव म्हणावं त्याला," एवढं बाहेरूनच सांगायची. आतून चपचप ऐकू आली की रुमाल आणखी घट्ट दाबायची. मग आईचा हात पाठीमागून नळी पुढं करायचा आणि ही ती दोन बोटांनी धरून पेटीत सोडायची. गल्लीतली पोरं तिला बघून ओरडायची, "थुंकीवाली आली, थुंकीवाली आली!" एक नाव पुरलं नव्हतं म्हणून दुसरं मिळालं.

हिवाळा सरला आणि आकडे आले. दोन्ही गल्ल्यांतली पोरं सारखीच शांत निघाली. किंबहुना खालची काकणभर जास्तच.

नगरपालिकेची समिती संस्थेत बसली, तेव्हा पेटी उचलायला नाकवाली कोपऱ्यात उभी होती. समितीचे अध्यक्ष ढेरपोटे होते आणि गल्लीत त्यांना त्याच नावानं ओळखत. त्यांनी आकड्यांचा कागद वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"बघा मॅडम, खोली नाही, जेवण नाही, तरी पोरं ठणठणीत. अहो, आईच्या मायेपुढं तुमच्या चटया काय करणार? आणि मायेला भाडं लागत नाही."

बाकीचे हसले. एकानं टेबलावर थापही मारली. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी वादही घातला नाही. आकडे त्यांचेच होते. पाळणाघर महिन्याभरात बंद करायचं ठरलं.

ते ऐकवायला ती संध्याकाळी ताईकडं गेली. ताई एका पोराच्या केसांतून उवा काढत होती आणि नखावर टिचटिच मारत होती. नाकवाली दारातच थांबली.

"ताई, खोली जाणार तुझी. खालची पोरं तुझ्या पोरांइतकीच चांगली निघाली."

ताईचा हात थांबला. मग ती अशी हसली, की मांडीवरचं पोर दचकलं.

"खालची पोरं कुठली गं? खालची पोरगी म्हण. तुझ्या सगळ्या नळ्यांत एकाच पोरीची थुंकी आहे."

"काय बोलतेस?"

"गोगलगायीची. ती मशीनवर कपडे शिवणारी आहे ना, तिच्या शेजारची, गोल तोंडाची. जगबुडी आली तरी जांभई देईल अशी. तू पुढच्या दारात उभी राहिलीस की ती मागच्या दारानं आत. या घरातून त्या घरात. बायका तिला दर घराला एक लिमलेटची गोळी द्यायच्या. परवा तिचा जबडा सुजला म्हणून तिच्या आईनं माझ्याकडं आणली होती."

"पण का?"

"का म्हणजे? कुणी तरी उठवलं, की ज्याची थुंकी वाईट निघेल त्याचं पोर उचलून अनाथालयात नेणार. शिवणारीनं ही शक्कल काढली. पाण्याच्या नळावर सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ताईनं पोराचं डोकं पुन्हा मांडीवर ओढलं. "मला काय माहीत, तू बघतच नव्हतीस ते? मला वाटलं, बघून गप्प राहिलीस. पहिल्यांदा आयुष्यात तुझं कौतुक वाटलं होतं."

त्या वाक्यानं नाकवालीला जी शिसारी आली तशी नाल्याच्या पाण्यानंही कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबले.

"आणि मी रात्ररात्र विचार करत होते, की या गल्लीत असं काय आहे. आयांच्या मायेवर मी आख्खं एक प्रकरण लिहिलं."

"मला काढून टाका."

"काढून काय करू? तुमच्याऐवजी कोण जाईल तिथं? समितीकडून मी मुदत मागून घेते. सगळं पुन्हा गोळा करा. या वेळी समोर बसून."

पहिली अडचण आयांचीच होती. शिवणारी, जिचं मशीन गल्लीच्या तोंडालाच होतं, पायाखालची पट्टी न थांबवता म्हणाली, "पाठ फिरवून उभी राहायचीस तेव्हा बरी होतीस. आता काय, पोराचे दात मोजणार?"

"पोरं कुणी नेणार नाही."

"तू सांगतेस?"

"मॅडमनी सांगितलंय. उलट थुंकी वाईट निघाली तर तुमच्या गल्लीलाही खोली मिळेल. वरच्यासारखी."

मशीन थांबलं. "हे तू तुझ्या जिवावर बोलतेस?"

"माझ्या जिवावर," नाकवाली म्हणाली. मॅडमना तसंच वाटत होतं आणि तिलाही तसंच वाटत होतं. तिनं शब्द दिला. आयुष्यात तिनं दिलेला हा पहिला शब्द, आणि तोही तिला ज्यांच्या उंबऱ्याला पाय लावायची किळस येत होती अशा बायकांना.

मग ती आत बसली. जमिनीवर, पोराच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून. खोल्यांत ओलीचा वास, रॉकेलचा वास, कोंडलेल्या पोरानं दिवसभरात जिथं जमेल तिथं केलेल्याचा वास. या पोरांनी कापूस कधी चावलाच नव्हता; ती तोंड घट्ट मिटून घेत. शेवटी एक गुंडाळी तिनं स्वतःच्या तोंडात घातली आणि चावून दाखवली. तेव्हा पोरांनी तोंडं उघडली. किडलेले दात, हिरड्यांवर पांढरे फोड, नाकातून ओघळून वरच्या ओठावर वाळलेला शेंबूड, तो चावताना पुन्हा ओला होणारा. एका पोराच्या घोट्याभोवती दोरीचा वण होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. तो त्या हाकलतही नव्हता. तिनं नजर हलवली नाही. नळीला झाकण लावलं, पेटी उचलली, बाहेर आली आणि नाल्याच्या काठावर बसून भडाभडा ओकली. पोरं भोवती जमून टाळ्या पिटत होती. तोंड धुवून ती पुढच्या घरात गेली.

हे ती रोज करत होती. कुणाला वाटेल, सवयीनं किळस मरते. तिची मेली नाही. उलट ती शहाणी झाली, जरा बाजूला सरकून बघायला लागली. पूर्वी तिला पोराच्या शेंबडाची किळस यायची. आता पोराच्या शेंबडापाशी तिची नजर थांबेना. ती दोरीकडं जाई, बाहेरच्या कडीकडं जाई, कारखान्याच्या भिंतीकडं जाई. सगळीकडं तीच ओकारी.

नवे आकडे आले. खालच्या गल्लीतल्या पोरांचा घोर संध्याकाळीही उतरत नव्हता. काहींचा तर सकाळपेक्षा चढलेला. मॅडमच्या दालनात त्या दिवशी लगबग होती. मदतनीस मुली एकमेकींच्या हातावर टाळ्या देत होत्या. कुणी तरी केक आणला.

"किती सुंदर फरक आलाय बघा!" एकीनं नाकवालीपुढं कागद धरला. त्यावर दोन रेघा होत्या, एक खाली उतरत गेलेली, एक वरच अडकून राहिलेली. "इतका स्वच्छ आलेख सहसा मिळत नाही."

नाकवालीनं त्या वरच्या रेघेकडं बघितलं. तिला त्यात माश्या दिसल्या. कुणी तरी केकचा तुकडा तिच्या हातात दिला. मलईचा वास नाकात गेला आणि तिनं तो तुकडा तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

समिती पुन्हा बसली. ढेरपोटे साहेबांनी या वेळीही मान डोलवली. ती मान कुठल्याही बाजूला सारखीच डोलायची. वरची खोली पाच वर्षांसाठी कायम झाली, हुकमावर सही झाली. नाकवाली बाहेर थांबली होती. मॅडम आल्या, चेहरा उजळलेला.

"वाचवली आपण खोली."

"आणि खालची?"

मॅडमनी पायऱ्यांकडं बघितलं. "ती आत्ता नाही. पाच वर्षं आपल्याला दोन्ही गल्ल्यांची तुलना चालू ठेवायची आहे. खाली खोली दिली तर तुलना कशाशी करणार?"

"म्हणजे पोरं बांधूनच ठेवायची?"

"मी बांधलेली नाहीत हो." मॅडमचा आवाज चिरकला. "मला झोप लागते असं वाटतं का तुम्हाला? पण हे नीट सिद्ध झालं तर अशा शंभर गल्ल्यांना खोल्या मिळतील. शंभर. या एका गल्लीला थोडं थांबावं लागेल."

शंभर गल्ल्या खऱ्या असतील. मॅडम खोट्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पाणीही खरं होतं. तरी ते बघून नाकवालीच्या अंगावर काटा आला, जसा ताटात केस निघाल्यावर येतो. अन्न कितीही चांगलं असो, पुढचा घास जात नाही.

"मी शब्द दिलाय त्यांना," ती म्हणाली.

"तो तुम्ही द्यायला नको होता."

तिनं बर्फाची पेटी मॅडमच्या पायाशी ठेवली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या गल्लीत शिरली. आया कामावर निघाल्या होत्या. ती दारोदार गेली, कड्या काढल्या, दोऱ्या सोडल्या. "सोड त्याला. वर नेते." कुणी विचारलं, कुणी नुसतं बघत राहिलं, कुणी पोर तिच्या अंगावर टाकून कारखान्याच्या भोंग्याच्या दिशेनं पळाली. पोरांची रांग घेऊन तिनं नाला ओलांडला. एकानं तिचा हात धरला. त्याचा हात चिकट होता. कशानं, हे तिनं बघितलं नाही.

ताईनं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, माझीच मावत नाहीत. ही कुठं कोंबू?"

"कोंब. पाच वर्षांची सही झालीय. आता कुणी काढू शकत नाही तुला."

"आणि जेवण?"

"निम्मं निम्मं दे."

"आणि धुणं-पुसणं? त्याला काय आपला बाप येणार आहे?"

"मी आहे ना."

ताईनं तिला नखशिखांत न्याहाळलं. "तू? तू पुसणार?" आणि खरोखर पोट धरून हसत खाली बसली.

दुपारी मॅडम आल्या. बातमी पोचली होती. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरची आणि खालची पोरं एकाच परातीभोवती बसून भात चिवडत होती, सांडत होती, सांडलेलं उचलून खात होती. मॅडम उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्या एकेका चेहऱ्याकडं बघत होत्या, आणि त्यांना कळत नव्हतं कुठला कुठल्या गल्लीतला.

"तुम्ही सगळ्यावर पाणी ओतलंत," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या कामावर. मला आता कुणालाच काही सिद्ध करून दाखवता येणार नाही."

"असेल."

"यातली खालची कोणती, तेवढं तरी सांगा. मी वेगळी नोंद करेन. काही तरी वाचेल."

नाकवाली एका पोराला न्हाणीत धरून त्याचं ढुंगण धूत होती. तोंड कडू झालेलं, नाकपुड्या आवळलेल्या.

"मला नाही ओळखता येत," ती म्हणाली. "तुम्ही चाखून बघा."

मॅडम गेल्या. त्या रडत गेल्या की रागानं गेल्या, हे कुणी बघितलं नाही, कारण तेवढ्यात एक पोर परातीत ओकलं.

संध्याकाळी आया पोरं न्यायला आल्या. शिवणारी सगळ्यांत शेवटी आली. तिनं पोराला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, घोट्यावरच्या वणाला लावलेलं औषध बोटानं चाचपलं, आणि मग नाकवालीकडं वळली. नाकवालीच्या कपड्यावर भात होता, दूध होतं आणि आणखीही काय काय होतं.

"इतके दिवस नाक मुरडत होतीस. आता कुठून एवढा पुळका आला गं?"

"पुळका नाही आला," नाकवाली म्हणाली. "पुळका आला असता तर घरी बसून रडले असते. किळस आली."

शिवणारीला हे कळलं की नाही कोण जाणे. तिनं पोर कडेवर घेतलं आणि नाल्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर पाय ठेवला.

"उद्या मशीनवर बसायच्या आधी सोडते याला."

"सोड. पण आधी आंघोळ घाल," नाकवाली मागून ओरडली. "आणि नखं काप त्याची. घाणेरडी कुठली!"